पऱ्हाट्यांचा बांध

"सर, तुमचं पाणी चढ चढून राह्यलं," जलसंधारणाचे अभियंता नकाशावर पेन आपटत म्हणाले.

नकाशा कॉलेजातल्या आमच्या विभागाचा होता. कळंब तालुक्यातल्या एका तांड्याजवळ छोटा बंधारा कुठं बांधायचा, ते त्यावरून ठरणार होतं. तिथला ओहोळ वावरांत शिरला की नांगरटीत हरवतो, म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी ड्रोन उडवून जमिनीची उंची काढली होती. उंची मिळाली की पाणी कुठून जाईल ते सॉफ्टवेअर सांगतं आणि तिथं निळी रेघ ओढतं. आमची निळी रेघ वावरांपर्यंत नीट आली होती आणि तिथून एकदम वळून गायरानाकडे गेली होती.

"गायरानात मी भर पावसाळ्यात गेलतो. पाय ओला नाही झाला. अन् तुम्ही मले तिथं बंधारा बांधाले सांगता."

"सॉफ्टवेअर दोनदा चालवलंय," मी म्हणालो. माझ्या नकाशावर कोणी पेन आपटलं की माझं डोकं फिरतं.

"मंग तिसऱ्यांदा चालवा," ते म्हणाले आणि उठले.

मी भूगोल आणि जिओस्पेशिअल टेक्नॉलॉजी शिकवतो. म्हणजे जागेची माहिती मोजायची आणि नकाशावर मांडायची. बारावीनंतर सलग पाच वर्षांचा कोर्स आहे, बीएस्सी आणि एमएस्सी एकत्र. तिसऱ्या वर्षानंतर डिग्री घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ही सोय मुलींचे बाप फार लवकर शोधून काढतात.

तिसऱ्या वर्षातली रोशनी त्याच तांड्यावरची. तिचे वडील किसनभाऊ कपाशी, तूर करतात. त्यांचं ठरलेलं होतं: डिग्री भेटली की झालं, पुढची दोन वर्षं कायले? मामानं ढाणकीकडचं स्थळही आणलं होतं. रोशनी वर्गात पहिली येत नसे. पण नकाशा समोर आला की तिचं बोलणं थांबायचं आणि डोळे कामाला लागायचे. अशी मुलगी अर्ध्यात जाणार म्हणून मी महिनाभर मनातल्या मनात चिडलेलो होतो.

ती या ड्रोनच्या टीममध्ये नव्हती. पण तांडा तिचा, म्हणून मी तिला बोलावलं. तिनं निळ्या रेघेकडे पाहिलंच नाही. आधी ड्रोनचे मूळ फोटो उघडायला लावले. रेघ जिथं वळत होती तिथं फोटोत एक लांबलचक तपकिरी पट्टा होता.

"सर, हा बांध नाही. पऱ्हाट्या आहेत."

वेचणी संपली की कपाशीची वाळकी झाडं उपटतात. त्या पऱ्हाट्या. तांड्यावरची सगळी घरं एकाच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर रचतात, माणसाच्या उंचीएवढ्या. ढोरं आत शिरत नाहीत आणि चुलीला जळण होतं. ड्रोन मोजतो ती वरून दिसणाऱ्या वस्तूची उंची. त्याला जळण आणि जमीन सारखीच, म्हणून सॉफ्टवेअरनं तो बांध धरून पाणी वळवलं होतं. आमच्या मुलांनी उंची पाहिली, फोटो पाहिले नाहीत. मीही नाहीच.

तिनं तेवढा पट्टा काढून टाकला आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. या वेळी रेघ वळली नाही. सरळ खालच्या वावरात उतरली. बंधाऱ्याची जागाही तिथंच आली.

रोशनीनं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "हे आमचं वावर आहे," ती म्हणाली. "खालचा कोपरा पाण्याखाली जाईल."

आधीच कॉलेज सोडवायला निघालेला बाप, त्यात हे. "किसनभाऊंना अभियंता सांगतील," मी म्हणालो.

"कायले सर? रेघ मी काढली. मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तांड्यावर गेलो. रोशनी, मी आणि अभियंता. रोशनीनं जीपीएसची काठी घेऊन पऱ्हाट्यांच्या दोन्ही अंगांनी जमिनीची खरी उंची मोजली. उतार तिच्या वावराकडेच होता, शंकेला जागा राहिली नाही. किसनभाऊ बांधावर बसून सगळं पाहत होते. तिनं जवळ जाऊन त्यांना सांगितलं.

"व्वा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पोरीले शिकवलं, अन् ते बापाच्याच वावरात पाणी घालून राह्यली."

"विहिरीला पाणी वाढेल," अभियंता म्हणाले.

"माह्या कोपऱ्यातली तूर तं गेली ना."

मग बापलेक गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, बोलू लागले. मला एक अक्षर कळेना. त्यांचा आवाज चढला, तिचा चढला नाही. ती वाकून मातीवर बोटानं रेघ ओढून दाखवत होती. मी मनात तिच्या चौथ्या वर्षाला रामराम केला.

बऱ्याच वेळानं किसनभाऊ उठले.

"बांधा बंधारा," ते अभियंत्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "सर, मी तिले म्हणलं, रेघ जराशी सरकव, कोणाले समजते. नाही म्हणे. जे पोरगी बापासाठी रेघ सरकवत नाही, तिले मधातून काढून काय करू? शिकू द्या पुरं."

मामानं आणलेलं स्थळ त्यांनी स्वतःच परत पाठवलं.

बंधारा झाला. कोपऱ्यातली तूर गेली, पण विहिरीच्या भरवशावर किसनभाऊंनी रब्बीत हरभरा घेतला. रोशनी आता पाचव्या वर्षाला आहे.

आमच्याकडे सॉफ्टवेअर महिनाभरात कोणालाही येतं. आपल्या वावरातून जाणारी रेघ तशीच राहू देणं आमच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठंच नाही. ते ती तांड्यावरूनच शिकून आली असावी.