धरणातल्या उंबऱ्याची ओटी

खरं सांगू? मी गेले ती जाऊबाईंवर नजर ठेवायला. कळवणकडच्या एका धरणात आमच्या सासरचं जुनं गाव बुडालंय. वैशाखात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात, आणि तिथून उठलेल्या घरांच्या बायका आपापल्या उंबऱ्याची ओटी भरायला येतात. यंदा आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे साथ देईनात. मग मान कुणाला? मोठीला, म्हणजे ताईंना! मी आपली गाडी चालवायला.

नाशिकहून सहाला निघालो. वणीपर्यंत रस्ता झकास, पुढे कळवणनंतर खड्डे, जपून चालवा. वणीत मिसळ खाल्ली, ऐंशी रुपयांत पोट तुडुंब. शेवटी किलोमीटरभर गाळातून चालावं लागतं. जुन्या चपला घाला, पाणी जवळ ठेवा, सावलीचं नाव नाही.

पण काय ते दृश्य! दगडी जोती, देवळाच्या पायऱ्या, विहिरीचा काठ, सगळं भेगाळलेल्या गाळातून वर आलेलं. बायका हसत-रडत एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मला कुत्रं विचारेना. ताईंना मात्र सगळ्या म्हणत होत्या, "आली गं मास्तरांची मोठी सून!" मास्तर म्हणजे आमचे सासरे. माझा असा जळफळाट झाला म्हणता!

ताईंनी एका उंबऱ्यावर खण, नारळ, तांदूळ ठेवले. तेवढ्यात मागून एक म्हातारेबाबा म्हणाले, "अवं सूनबाई, ह्यो तर आमचा उंबरा हाय! मास्तरांचं घर लय खाली, तिकडं पाण्यात."

अहाहा! कानात साखर पडली. ताई नुसत्या हसल्या, उंबऱ्याला हात जोडून उठल्या. लाज झाकतायत, मी मनात म्हटलं. परतताना कळवणला शेवभाजी मी दोनदा मागून खाल्ली.

घरी पोचल्यावर चपलाही काढल्या नाहीत. "आई, ताईंनी परक्याच्या उंबऱ्याची ओटी भरली!"

"मग काय पाण्यात बुडी मारणार होती?" आई म्हणाल्या. "आपलं घर कधी वर येतच नाही. शेजारीण म्हणाली होती, माझा उंबरा तो तुझाच. तेव्हापासून मी तिथंच भरते. बाप्यांना काय ठाऊक! मोठीला सांगितलंय सगळं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी? काल रस्ता विचारलास, जेवणाचं विचारलंस. ती लग्न होऊन आल्यापासून गाव विचारतेय."

ताई आत चहा टाकत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, आणि पहिला कप हसून माझ्याच हातात दिला. त्याचाही मला हेवा वाटला.