दात वाढलेले भाऊजी

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या चुलतभावाइतका दातांचा छळ करणारा माणूस अख्ख्या नागपुरात शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका दातांचा अभिमान बाळगणाराही. मी त्यांना भाऊजी म्हणते. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथल्या कोळशाच्या राखेशी झगडून त्यांना एकच गोष्ट पटली होती, की जोर लावल्याशिवाय काहीही स्वच्छ होत नाही. आमच्याकडे मुक्कामाला आले की चहाचं पातेलं असं घासत, की त्यावर कोरलेलं माझं नाव पुसट झालं. नळ इतका आवळून बंद करत, की उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे. दातांनाही हाच न्याय. दुकानातला सगळ्यात कडक ब्रश, वर राखुंडी, आणि हात आडवा, करवतीसारखा.

एकदा त्यांनी आरशासमोरून मला हाक मारली. "वहिनी, पाहा बरं, माहे दात वाढून राहिले. या वयात." दात खरोखरच लांब दिसत होते. मात्र गार पाण्याचा घोट घेतला की भाऊजी डोळे मिटून घेत, आणि विचारलं तर म्हणत, "पाणीच खराब आहे तुमच्या धरमपेठेचं."

शेवटी खालचा पुढचा दात हलू लागला, तेव्हा मी त्यांना आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काका, दात नाही वाढले. हिरडी खाली उतरली, म्हणून मूळ उघडं पडलं."

"मंग चढवा ना तिले वर."

"गेलेली हिरडी आपोआप येत नाही. राहिलेली वाचवता येते." जोराने घासणं हे एक कारण, हिरडीखाली साचलेला कडक थर हे दुसरं, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "खर्रा खाता? तंबाखू-सुपारी?" भाऊजी छताकडे पाहू लागले. "तो आजपासून बंद."

भाऊजींना काळजी वेगळीच होती. रामटेकजवळ त्यांची शेती आहे. धान वाळलं की नाही, हे पुढच्या दातांनी दाणा फोडून सांगण्याचा मान वडिलांनंतर त्यांचा. "धान फोडता येईन ना, बाई?"

"दात ठेवायचा का धान फोडायचं, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी दात ठेवायचं ठरवलं. हिरडीखालची सफाई झाली. दात घट्ट झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तोंडातल्या टाळूच्या कातडीचा लहानसा तुकडा उघड्या मुळावर, हिरडीच्या जागी शिवला. ती जखम भरली, मग मऊ ब्रश आला. बाळाच्या डोक्याला तेल लावतो तसा हात फिरवा, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "वहिनी, हे घासणं आहे का लाड करणं?" पण रोज सकाळी ते लाड करू लागले. आता आमचे नळही मला उघडता येतात.

यंदा कापणीनंतर मी त्यांच्या शेतावर गेले होते. दात जागेवर होता, हलत नव्हता. खळ्यात धान पसरलेलं होतं. भाऊजींनी एक दाणा उचलला, सवयीने ओठांपर्यंत नेला आणि थांबले. मग तो शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीच्या तळहातावर ठेवला. "फोड वं."

तिने फोडला. कट्ट असा कोरडा आवाज झाला.

"वाळलं, बाबा."

भाऊजींनी मान हलवली. मग दुसरा दाणा उचलून तिच्या हातावर ठेवला आणि कान तिच्याकडे केला.