प्रगत वर्गाच्या थांबा बाई

या बाईंबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगतो. त्या मूळच्या कुठल्या, घरी कोण होतं, गणित सोडून त्यांना काय आवडायचं, यातलं काही मी कधी विचारलं नाही. आमची गाठ मोजकीच पडली आणि त्यातला निम्मा वेळ मी घाबरलेला होतो. त्या गेल्यावर नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही लिहा ना त्यांच्यावर." मी रजेच्या अर्जापलीकडे फारसं लिहिलेलं नाही. जमेल तसं लिहितो.

नातीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण ती लहानपणापासून स्वस्थ बसत नाही. तिच्या शाळेत हुशार मुलांसाठी प्रगत वर्ग होते. नववी झाली की गणित, विज्ञान, इतिहास असे पाच विषय कॉलेजच्या तोडीने शिकायची सोय. एक घ्या, दोन घ्या, पाचही घ्या. कोणाला काय झेपेल हे गणिताच्या बाई ठरवायच्या आणि त्यांची सही झाल्याशिवाय नाव लागायचं नाही. उत्तर द्यायला उतावीळ झालेल्या मुलाला त्या हात वर करून "थांबा" म्हणायच्या. म्हणून त्यांना मुलं थांबा बाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

माझ्या सुनेने मुंगीसाठी पाचही विषयांवर खुणा केल्या होत्या. सून रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. "बाबा, मला एकसुद्धा मिळाला नाही. तिला मिळतायत तर का सोडायचे?"

नावं नक्की व्हायच्या आधी मुलांना आठवडाभर त्या वर्गांत नुसतं बसू देत. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मुंगी घरी आली नाही. मुलगा बाहेरगावी, सून कामावर. दिवेलागण झाली तसा मी चपला अडकवून शाळेत गेलो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "वरच्या मजल्यावर उजेड दिसतोय, बघा." सगळ्या वर्गांत बाकांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, फिनेलचा वास, आणि माझ्याच चपलांचा आवाज.

शेवटच्या वर्गात मुंगी कागदावर वाकून बसली होती. अगदी मागच्या बाकावर बाई, हाताची घडी घालून.

"मुंगे, चल घरी."

"एक मिनिट."

"अगं, काळोख पडला."

"होत आलंय, आजोबा." तिने मान वर केली नाही. ओठ कोरडे पडले होते.

बाईंनी मला बाहेर बोलावलं. गणित असं होतं: दहा बाय दहा चौकोनांची खोली, आणि चार चौकोन लांब, एक रुंद अशा पट्ट्या. पट्टी न तोडता खोली भरून दाखवा.

"याला उत्तर नाही, आजोबा," बाई हळूच म्हणाल्या. "खोली भरतच नाही."

"मग सांगा की तिला!"

"दरवर्षी मी हेच देते. घंटा झाली की मुलं पेन खाली ठेवतात, मला मनात शिव्या देतात आणि खेळायला पळतात. ती मुलं खुशाल पाच वर्ग घेऊ देत. ज्यांना पेन ठेवता येत नाही, त्यांची मला भीती वाटते."

"आणि ही बसली तर तुम्ही नुसत्या बघत बसलात?"

"वाटलं, आत्ता ठेवेल. मग ठेवेल. स्वतःहून ठेवायला हवं ना." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "इतका वेळ आजवर कोणी बसलं नव्हतं."

शेवटी आत जाऊन त्यांनी तिला सांगितलं. तेव्हा खरी भीती सुरू झाली, कारण मुंगीला ते पटेना.

"नाही कसं? शंभर चौकोन, चारची पट्टी, पंचवीस पट्ट्या. बरोबर भाग जातोय."

"तरी नाही."

"मला घरी पाठवायचं म्हणून सांगताय तुम्ही."

मी हाताला धरून तिला घरी आणलं. गणित सोबत आलंच. वर्तमानपत्राच्या कडेला चौकोन, बाथरूमच्या भिंतीवर ओल्या बोटाने चौकोन. जेवताना घास हातातच राहायचा. रात्री कूस बदलल्याचे आवाज यायचे. सून आधी कौतुकाने म्हणाली, "असं वेड लागल्याशिवाय कोणी मोठं होत नाही, बाबा." पुढे तिनेही तसं म्हणणं सोडलं.

रविवारी दुपारी मी वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेलो. गच्चीला चौकोनी फरशा आहेत. मुंगी अनवाणी, खडूने फरशांवर रेघा ओढत उलटी मागे मागे सरकत होती. मागे कठडा माझ्या गुडघ्याएवढा. हाक मारावी तर दचकेल, न मारावी तर... मी हातातली चादर टाकली, फरशांच्या कडेने कठड्याशी जाऊन तिच्या मागे उभा राहिलो. ती माझ्या अंगावर आदळली तेव्हा म्हणाली, "आजोबा, सरका ना, माझी ओळ मोडते."

खाली आल्या आल्या मी बाईंना फोन लावला. काय बोललो आठवत नाही.

त्या घरच्याच कपड्यांत, रबरी चपला घालून आल्या. मुंगीला काही न विचारता शेजारी बसल्या आणि कागदावर खोली आखून दोन बाय दोनचे ठोकळे एक काळा, एक पांढरा असे रंगवत गेल्या. "आता पट्टी कुठेही ठेव. किती काळे झाकतेस?"

"दोन."

"इथे?"

"दोनच. दोन काळे, दोन पांढरे."

"मग सगळी खोली भरली तर?"

"पन्नास पन्नास."

"मोज."

मुंगीने मोजलं. काळे बावन्न, पांढरे अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. मग ती हमसून हमसून रडायला लागली. बाई तिला गप्प करायला गेल्या नाहीत. रडून झाल्यावर मुंगी म्हणाली, "भूक लागलीय." हे सगळं मला त्या दिवशी समजलं होतं. आज समजावून सांगा म्हणाल तर त्या कागदाशिवाय जमणार नाही.

सुनेने पाच खुणांचा कागद पुढे केला. तिला गच्चीवरचं सांगितलं होतं, तरी तिने केला. बाईंनी चार खुणा खोडल्या.

"गणित तेवढं राहू दे. बाकीचं पुढच्या वर्षी बघू."

"तिच्या वर्गातली पोरं पाच-पाच घेतायत, बाई. ही मागे पडली म्हणजे?"

"तर माझ्या नावाने खडे फोडा."

"ते फोडून तिचं वर्ष परत येणार आहे का?"

बाईंनी कागद पुढे ओढला. पहिली सही बिघडली, दुसरी करावी लागली. जिन्यात त्या मला म्हणाल्या, "ते गणित मी आता कुणाला देणार नाही. मला वाटायचं, मी मुलांना जोखते. नुसतं घाबरवत होते की काय, कोण जाणे."

"तुम्ही आलात म्हणून बरं झालं," मी म्हणालो. याहून चांगलं काही बोलता आलं असतं, पण सुचलं नाही.

सून पुढे कितीतरी दिवस त्यांच्याबद्दल धुसफुसत होती. मुंगी एकच प्रगत वर्ग करत होती. ती घंटेला पेन ठेवते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पोर जरा गप्प दिसली की मी काहीतरी निमित्त काढून गच्चीला कुलूप लावून यायचो. अजूनही लावतो.

बाई शेवटच्या दिसल्या त्या एका रविवारी, दूधवाल्याच्या दुकानात. दहा वाजून गेले होते. त्या बारीक झाल्या होत्या, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"मुंगी काय करतेय?" त्यांनी विचारलं.

"झोपलीय अजून."

"अजून?"

"उठवायला गेलो तर मलाच ओरडली."

त्या हसल्या. "झोपू दे. दूध संपलंय इथलं, पुढच्या दुकानात बघा."

"बघतो," मी म्हणालो.