मी कापलेला आईचा सीन

"हा आगीचा सीन काढून टाक," मालक म्हणाले. "उद्या पिक्चर लागल्यावर गावात दंगल झाली, तर थेटराला कुलूप आणि तू घरी."

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कोपरगावच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, म्हणजे वरच्या कॅबिनमधून पिक्चर चालवणारा. नवा पिक्चर आला की आदल्या दिवशी मालक आणि मी ट्रायल बघायचो. हा पिक्चर हिंदू-मुसलमान दंगलीवरचा होता. हिरोची आई दंगलीत हरवते. मेली असं समजून तो मशाल घेऊन शेजारच्या मुसलमानाचं घर जाळायला निघतो. तेवढ्यात दार उघडतं आणि त्याच घरातून आई बाहेर येते. त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानंच तिला इतके दिवस लपवून ठेवलेलं असतं.

मालकांनी फक्त मशाल कापायला सांगितलं होतं. पण मला अक्कल जरा जास्तच. म्हटलं, हिंदू बाई मुसलमानाच्या घरात राहिली, यावरून दोन्हीकडचे भडकतील. म्हणून मी आईसुद्धा कापली. तुकडे डब्यात ठेवले आणि गाव वाचवल्याच्या समाधानात जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारचा शो भरलेला. हिरो रागानं घराकडे निघाला. पुढच्या क्षणी तो म्हाताऱ्याचे पाय धरून रडतोय आणि मेलेली आई शेजारी उभी. मग शिट्ट्या, आरडाओरडा, आणि लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं. मी मशीन थांबवलं, दाराला कडी घातली आणि मारुतीरायाचं नाव घेतलं. नोकरी गेली, हे नक्की होतं. जीव वाचला तरी पुष्कळ!

"ऑपरेटर, दार उघड!" हा बाजारातला मन्सूर टेलर. "म्हातारी कुठून आली ते दाखव!"

"दोन तास रडतोय मी तिच्यापायी," त्याच्या मागून ऊसतोडीचा रंगनाथ मुकादम ओरडला, "आन् ही जित्ती कशी झाली?"

"मी नगरला बगितलाय पिक्चर," मन्सूर म्हणाला. "आईचा सीन लई भारी हाय म्हनून याला कामावरून उठवून आनला. आता हा मला खोटारडा म्हनतोय!"

मी कडी काढली. कापलंय, असं कबूल केलं.

"का?" रंगनाथनं विचारलं.

"तुमची भांडणं होतील म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "आमची?" मन्सूर म्हणाला. "झाली की आत्ता. तुज्यामुळं!"

हॉलमधले दिवे लावले. फिल्म जोडायची म्हणजे कडा खरवडून, सिमेंट नावाचं चिकट औषध लावून दाबून धरायची. मागे दोघं राखणीला उभे, खाली अख्खा हॉल शेंगा खात बसलेला. घाईत आईचा तुकडा मी उलटा जोडला. पडद्यावर माउली खाली डोकं वर पाय करून घरात परत शिरली. एवढ्या शिव्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या, आणि त्यात हिंदू कोण, मुसलमान कोण, काही कळत नव्हतं. मालक खाली कपाळाला हात लावून उभे होते.

पुन्हा सोडवून जोडला. या वेळी मशाल आली, दार उघडलं, आई सरळ चालत बाहेर आली. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. रंगनाथ माझ्या कॅबिनच्या खिडकीतूनच बघत होता. त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "भारी हाय," तो मन्सूरला म्हणाला. मला माझी भयंकर लाज वाटली.

नोकरी टिकली, कारण दुसरा ऑपरेटर मिळत नव्हता. पिक्चर तीन आठवडे चालला, पूर्ण. त्यानंतर मी कधी कुणाच्या भावना जपायला गेलो नाही. कॅबिनच्या त्या चौकोनी खिडकीतून खाली फक्त टोप्या आणि पटके दिसतात. तोंडं सगळी पडद्याकडे असतात.