फिरकीच्या तांब्याचं झाकण

आमच्या घरात एक नियम होता. मोटारीच्या रेडिएटरचं टोपण केव्हा उघडायचं ते काका सांगणार आणि देवजी उघडणार. का, केव्हा, कसं, हे कुणी विचारायचं नाही.

काका म्हणजे माझे थोरले चुलते, लाकडाचे ठेकेदार. देवजी म्हणजे साखरशेत गावचा आमचा ड्रायव्हर. पावसाळ्यात नांगर धरायचा, एरवी मोटारीचं चाक. जव्हारात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. त्यामुळे आमची मोटार नुसती खोकली तरी किस्सा व्हायचा आणि मोखाड्याच्या बाजारापर्यंत पोचायचा. मी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीला आले की आधी हे किस्से वाढले जायचे, मग जेवण!

*

पहिला किस्सा मोखाड्याच्या वाटेवरचा. चढावर मोटार तापली, वाफ निघू लागली. "मोटार निवू द्यावी," असं देवजी म्हणत होता. आपल्याला वाटेत उभं राहिलेलं कुणी बघितलेलं काकांना सोसायचं नाही.

"उघड!"

त्याने उघडलं. उकळतं पाणी उसळून त्याच्या मनगटावर आलं. घरी आल्यावर सोवळं पाळणाऱ्या आत्याने लांबूनच कोरफड टाकली. काका म्हणाले, "तापल्या वस्तूपाशी काम म्हटलं की भाजायचंच. बायका चुलीपाशी भाजत नाहीत?"

"भाजतात," मी म्हटलं. "पण चुलीवरचं पातेलं आम्ही फडक्याने उतरवतो काका, हुकमाने नाही!"

या उत्तरापायी मला त्या दिवशी माजघरात जेवायला लागलं. देवजीचं मनगट बरं झालं, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच.

बोटांचं विचारलं तर देवजी हसला. "बाय, मोटार माझ्यापेक्षा लाडाची. तिला तहान लागली का सगळे खाली उतरतात. मला लागली का मीच वढ्यावर जातो!"

*

मग दसरा आला. मोटारीची पूजा. टोपणाला हळदकुंकू, झेंडूची माळ, इथवर ठीक. नारळ चाकापाशी फोडायचा असतो. पण काका म्हणाले, "मोटारीचं डोकं ते! मान डोक्याला द्यायचा." आणि नारळ थेट टोपणावर आपटला!

नारळ शाबूत राहिला. टोपण चेपलं.

"शुभ असतं," आत्या म्हणाली. काय शुभ असतं ते कुणीच विचारलं नाही.

*

चेपलेल्या टोपणाचे आटे बसेनात. नाशिकला नवं मिळत होतं. "आणू या," मी म्हटलं. "घरात पितळेचा दुष्काळ पडलाय का?" काकांनी विचारलं आणि आत्याचा फिरकीचा तांब्या मागवला. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून त्या तांब्याचं झाकण फिरवून घट्ट बसायचं. आत्याच्या सोवळ्यातला तांब्या तो! तांबटाने झाकणाला आतून कडं जोडलं, नवे आटे पाडले आणि ते रेडिएटरवर बसवलं.

देवजीने खाली घालायला चामड्याचं वॉशर कापलं होतं. आत्या कडाडली, "चामडं? माझ्या झाकणाला?" मग मेण लावलेल्या कापसाच्या वातींचं कडं घातलं. आत्या पुढे वर्षभर तांब्यावर वाटी झाकून हिंडली.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. ते झाकण तांब्यावर होतं तोवर त्याला देवजीची सावली चालत नव्हती. मोटारीवर चढल्यावर तेच झाकण उघडताना त्याचे हात भाजले तरी चालणार होते!

*

टोपणाच्या खाली रेडिएटरला एक बारीक नळी असते. जास्तीचं पाणी, वाफ तिच्यातून बाहेर जाते. एकदा पाहुण्यांसमोर त्या नळीतून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. काकांना घराण्याची अब्रूच गळाल्यासारखं वाटलं. त्यांनी नळीत सागाची खुंटी ठोकली, वर लाख ओतली.

मी म्हटलं, "काका, वाफ जाणार कुठून?"

"कॉलेजात मोटारी शिकवतात वाटतं!"

"मोटारी नाही, वाफ शिकवतात. ती कोंडली की फुटते."

"पोरी, वाफ आमच्याही घरात होती. तुझ्या कॉलेजाच्या आधीपासून."

सगळे हसले. देवजी हसला नाही. तो आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघत होता.

*

वैशाखात चुलतभावाचा साखरपुडा त्र्यंबकला ठरला. काका, आत्या, मी आणि आत्याच्या मांडीवर वाटी झाकलेला तांब्या. तोरंगणच्या घाटात मोटार तापली. देवजीने ती कडेला घेतली, चाकांना दगड लावले.

यावेळी वाफेचा फवारा नव्हता. वातींच्या कडेने बारीक शीळ येत होती आणि झाकण थरथरत होतं. नळी बंद. आत काय कोंडलंय ते देवजीला कळत होतं, मला कळत होतं.

"उघड," काका म्हणाले.

"मालक, निवू द्या जरा."

"मुहूर्त टळतोय. उघड!"

आत्या म्हणाली, "अरे, माझंच झाकण आहे ते. काही नाही करायचं!"

देवजीने खांद्यावरचं फडकं काढून हाताला गुंडाळलं. आखडलेल्या बोटांवर ते नीट बसेना. "बाय, मागं सर," तो मला हळूच म्हणाला. "नांगराला दुसरा हात हाय अजून."

मी मागे सरले नाही. त्याच्या आणि मोटारीच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"देवजी टोपण उघडणार नाही."

"बाजूला हो," काका म्हणाले. "या घरात आजवर मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही."

"मग आज ऐका. नाही."

"अगं, पण मुहूर्त!" आत्या म्हणाली.

मी देवजीच्या हातावरचं फडकं सोडवलं. घडी घातली आणि काकांपुढे धरली.

"मुहूर्त तुमचा. हुकूम तुमचा. खुंटीही तुमचीच. या, उघडा."

काकांचा हात पुढे आला. अर्ध्यावर थांबला. झाकण खडखडलं, तसा तो हात मागे गेला आणि उपरण्यात शिरला. आत्याने तांब्यावरची वाटी दोन्ही हातांनी दाबून धरली.

मोटार निवेपर्यंत आम्ही सगळे घाटातच थांबलो.