सामू कसा आहे

हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो, आणि विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, प्रयोगाला लागणारी लाळही मीच देतो. मुलं लाजतात, मुली तोंडाला ओढणी लावतात आणि प्रयोगशाळेतले परिचर काका उष्ट्याला हात लावत नाहीत. म्हणून सरांनी चूळ भरून बीकरमध्ये थुंकायचं आणि सगळ्यांनी मान वळवायची, अशी रीतच पडली. मला त्याचा अभिमान होता. पिष्टाची साखर माझ्याइतकी झटपट कुणाची लाळ करणार नाही, असं मी दरवर्षी सांगायचो.

यंदा अकरावीच्या तुकडीत माझी मुलगी होती. वर्गात ती मला सर म्हणायची आणि घरी बाबा. हा नियम तिचाच. दुसरा नियमही तिचाच होता, सुपारी-तंबाखू चुन्यात घोटलेला खर्रा बंद. दिवाळीत डॉक्टरांनी मला माझीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली होती. अडीच गेली. सुपारीनं तोंड आखडत चाललंय, असंच राहिलं तर घास जायचा नाही, असं ते म्हणाले. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि संक्रांतीपर्यंत पाळलीसुद्धा. पुढे पुन्हा सुरू झालं. कुणी घोटून पुढे केला तर नाही कसं म्हणायचं, असं मी मनाची समजूत घालत होतो. खरं तर कुणी पुढे करत नव्हतं, मीच टपरीमागे उभा राहून खर्र्याची पन्नी सोडत होतो.

प्रयोगाचा दिवस एप्रिलातला. पिष्टाच्या तीन परीक्षानळ्या घेतल्या, एक बर्फात, एक उकळत्या पाण्यात, एक सदतीस अंशांवर. बर्फ रसवंतीवरून आला. सदतीसची मात्र पंचाईत झाली, कारण नळाचं पाणीच बेचाळीस होतं. माणसाच्या अंगाइतकं कोमट करायला त्यात माठातलं गार पाणी ओतावं लागलं. मग लाळ घातली, थांबलो, आयोडीन टाकलं; पिष्ट उरलं असेल तर ते निळं होतं. बर्फातली नळी निळी, उकळलेली निळी, हे ठीकच. पण मधलीही निळीच. माझ्या लाळेनं काहीच केलं नव्हतं.

मी तापमानाला दोष दिला आणि माठातलं आणखी पाणी ओतलं. मग वेळ कमी पडला म्हणालो, दहा मिनिटं वाढवली. मग विकराचं प्रमाण कमी म्हणून आणखी तीनदा थुंकलो. रंग ढिम्म हलेना. काकांना माझी दया आली असावी. आजकाल मालच डुप्लिकेट येतो, असं ते पिष्टाच्या डब्याकडे पाहून म्हणाले.

"सर, सामू पाहायचा राहिला," मुलगी म्हणाली.

काकांनी हजेरीपट उघडला. "सामू कोन? त्याचं नाव तर नाई यात."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. सामू म्हणजे आम्लता-अल्कता, तो पुढच्या वर्षी आहे, असं मी मुलीला ठोकून दिलं; काका अजून हजेरीपटच चाळत होते. माझ्याच अक्षरात तो शब्द मागे फळ्यावर होता. तिनं लाल लिटमसची पट्टी बीकरमध्ये बुडवली. पट्टी गर्द निळी झाली. चुन्यानं अशी होते आणि चुन्यात विकर काम करत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तोंड उघडा."

भर वर्गात बाबा म्हणाली. मी बोटं घातली. दोन जेमतेम गेली. मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. ती डोळे पुसत बाहेर गेली तेव्हा काकांनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "सामूचं जास्त हाये काय, सर?"

मी हो म्हणालो.

आठवड्यानं प्रयोग पुन्हा झाला, या वेळी तिच्या लाळेवर. मधल्या नळीत निळा रंग उमटलाच नाही. बर्फातली आणि उकळलेली अशा दोन्ही नळ्या तिनं नंतर कोमट पाण्यात ठेवल्या, आणि थोड्या वेळानं दोन्हींत आयोडीन टाकलं. उकळलेली निळी झाली, बर्फातली नाही. विकर गारठलं तर पुन्हा कामाला लागतं, उकळलं की संपतं. "तुम्ही यातली कोणती नळी?" तिनं मला विचारलं. मी खिशातली पन्नी काढून तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून खाल्लेला नाही.

काका मात्र रोज सकाळी सामूची चौकशी करतात. परवा त्यांनी विचारलं तेव्हा मी नळ्या धुण्यात गुंतलो होतो, आपण यातली कोणती नळी हाच विचार चालला होता, आणि तोंडातून निघून गेलं, "बर्फात आहे."

हातातली नळी ठेवून मी वळून पाहिलं. काका टोपी काढून, मान खाली घालून उभे होते.

"अजून आहे, काका," मी घाईघाईनं म्हणालो. "अजून आहे तो."