चालती दिलेली गाडी

नाशिकच्या स्टँडवरून इंदूरची बस पहाटे सुटली, तेव्हा माझ्या खिशात एका मोटारीची किल्ली होती आणि त्या मोटारीचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाला पाच महिने झाले होते. मी आणि बायको वृंदा पहिल्या दिवाळसणाला तिच्या माहेरी निघालो होतो.

किल्लीची हकीकत अशी. लग्न ठरताना मी साफ सांगितलं होतं, हुंडा नाही, पोशाख नाही, अंगठीसुद्धा नाही. शाळेत भूगोल शिकवत असलो तरी आपला कणा ताठ आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती. सासऱ्यांनी, त्यांना सगळे दादा म्हणतात, शांतपणे मान डोलावली. आणि लग्नाच्या दिवशी मांडवात चारचौघांसमोर माझ्या हातात एक चांदीची डबी ठेवली. डबीत किल्ली.

"विलायती गाडी आहे, जावईबापू. दोन सीटांची, रेसची. थोडं काम बाकी आहे, दिवाळीपर्यंत एकदम टंच करून देतो," ते म्हणाले.

मांडवात वाद कोण घालणार? मी किल्ली खिशात टाकली आणि पाच महिने धुसफुसत राहिलो. स्कूटरच्या पुढे ज्याची मजल गेली नाही त्याच्या दारात रेसची गाडी म्हणजे पांढरा हत्तीच. तरी वृंदाच्या आग्रहाखातर मोटार चालवायला शिकलो आणि परवाना काढला.

धुळ्यानंतर ऊन चढलं. सेंधव्याला हिरव्या मिरच्यांबरोबर गरम कचोरी खाल्ली आणि पुढचे दोन तास पाणी पीत बसलो. खलघाटला नर्मदेचा पूल आला तशी सगळ्या बसने हात जोडले, ड्रायव्हरनेही एका हाताने नमस्कार केला. घाट चढून माळव्याच्या पठारावर आलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनचे ढीग होते. इंदूर जवळ आलं तसे रस्त्याच्या कडेला रंगीत टीव्हीचे, परदेशी शीतपेयांचे नवेकोरे फलक दिसू लागले. त्यांच्यामागे मिलची धुराडी उभी होती. एकातूनही धूर निघत नव्हता.

स्टँडवर रिक्षा केली. वृंदाने सुदामा नगरचा पत्ता सांगताना वडिलांच्या मिलचं नाव घेतलं, तसा रिक्षावाला मागे वळला.

"मैं भी मिल में ही था, दीदी. ताना खाते (उभे धागे भरायचं खातं) में, अठारह साल. अब ये तीन पहिये हैं." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "जमाई हैं? दिवाली पे आए? अच्छा है भिया, अच्छा है." एवढं बोलून त्याने पुढे वळून रिक्षा सुरू केली.

दादांचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटला (ओटा), ओटल्याला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये जुन्या चादरीखाली गाडी होती. दादांनी चादर देवघरातला पडदा सरकवावा तशी हळूच काढली. बाटलीच्या काचेसारखा गर्द हिरवा रंग, लांब नाक, तारांच्या आऱ्यांची चाकं, वर कापडी टप. बसायला इतकी खाली की रस्त्यावर मांडी घातल्यासारखं वाटावं. मी चाळीस वर्षांपूर्वीच्या या वस्तूकडे पाहत राहिलो आणि माझी धुसफूस थोडी कमी झाली, हे कबूल करतो.

ही गाडी मिलमालकाच्या धाकट्या मुलाची. तुकोगंजच्या बंगल्यात असायची. दादा मिलच्या बॉयलर खात्यात फिटर होते, पण गाडी बिघडली की बोलावणं त्यांनाच यायचं. मुलगा परदेशी गेला, गाडी मागे राहिली, मग मिलही बंद पडली. बंगला आवरताना त्या लोकांनी दादांना म्हटलं, तुम्हीच घेऊन जा, दुसऱ्या कुणाच्या हातात ही जगायची नाही. दादांनी ती बैलगाडीवर घालून घरी आणली, आणि दीड वर्षात खिळा न् खिळा खोलून पुन्हा उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडीच्या आवाजाने जाग आली. आधी दोन ठसके, मग खर्जातली एकसारखी घरघर. बाहेर येऊन पाहतो तो दादा इस्त्री केलेल्या खाकी कपड्यांत गाडीपुढे उभे होते, हातात लोखंडी हँडल. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "सात बज गए रे, उठो!" तीन घरांची दारं उघडली; शाळा असते तेव्हा याच आवाजावर दप्तरं बाहेर पडतात, हे मला मागून कळलं. एका बाईंनी ओटल्यावरूनच हातातलं घड्याळ लावून घेतलं. दहा मिनिटांनी दादांनी इंजिन बंद केलं, चादर घातली आणि चहा मागितला.

सासूबाई आत पोह्यांवर जीरावन (भुरभुरायचा तिखट-आंबट मसाला) घालत होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "रोज असंच असतं. मिलची पहिली पाळी सातची ना, तर यांची गाडी सातला. मिल बंद झाली तेव्हा दोन महिने हा माणूस कुणाशी बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गाडी आली तेव्हा उठले." त्यांनी जिलबीची प्लेट माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही न्या हो, तुमचीच आहे. पण गाडी गेल्यावर या माणसाचं मी काय करू, ते मला समजत नाहीये."

मी तिथेच ठरवलं की गाडी न्यायची नाही. गाडी इथेच राहील, दादा रोज सातला ती चालू करतील, आणि सगळ्यांचं भलं होईल. स्वतःच्या शहाणपणावर मी खूश झालो आणि तिसरी जिलबी घेतली.

दुपारी दादा म्हणाले, "हातोदपर्यंत चक्कर मारून या. हात बसेल." हातोद म्हणजे इंदूरच्या पश्चिमेचं बाजाराचं गाव. मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसा. ते मागे सरकले.

"आता ती मुलीच्या घरची गाडी. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी चालत नाही आपल्यात, मग गाडीत कसं बसू? मी मोपेडवर मागून येतो ना."

"आणि रोज सकाळी चालू करता ती?"

"ते बाहेर उभं राहून," दादा गंभीरपणे म्हणाले. "सीटला हात नाही लावला लग्नापासून."

अशी आमची वरात निघाली. पुढे रेसच्या गाडीत मी आणि वृंदा, ताशी वीसच्या वेगाने, आणि मागे फटफटत येणाऱ्या मोपेडवर सासरे, दर चौकात ओरडत, "क्लच आहिस्ता! आहिस्ता सोडा!" शहर संपलं तशी मला हिंमत आली. लांब नाक रस्त्यावर रोखून गाडी अशी काही धावली की भूगोलाचा मास्तर घटकाभर राजकुमार झाला. दादा पार मागे पडले. आणि हातोद दोन मैलांवर असताना गाडीने ठसका दिला आणि सोयाबीनच्या बैलगाड्यांच्या रांगेत मधोमध बंद पडली.

बैल जागचे हलेनात. एका गाडीवानाने वाकून आत पाहिलं. "बाबूजी, इके घास खवाड़ो," (हिला गवत चारा) तो माळवीत म्हणाला, आणि सगळे हसले. आम्ही गाडी ढकलून बाजूला घेतली.

पंधरा मिनिटांनी दादा आले. घाई नाही, चिडचिड नाही. त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, आणि मला आतून किल्ली फिरवायला सांगितलं. "पेट्रोलच्या नळीत कचरा," ते म्हणाले. नळी काढली, तोंडाने फुंकली, बसवली. इंजिन लागलं. हे सगळं बाहेर उभं राहून. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला राहवलं नाही.

"दादा," मी म्हटलं, "गाडी इथेच राहू द्या. तुमच्याजवळच शोभते ती. मी नाही नेत."

हात पुसता पुसता ते थांबले. चिंधीची घडी घालून खिशात ठेवली.

"पसंत नाही पडली?"

"तसं नाही, तुम्हालाच..."

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "मिलवाल्यांनी न सांगता ताला लावला होता. तुम्ही तोंडावर सांगितलं. ते अच्छंच आहे." मग ते मोपेडवर बसले आणि हातोदच्या बाजाराकडे न जाता घराकडे वळले.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आम्हीही गाडी वळवून परत निघालो. पुढे मोपेडवर दादांची पाठ दिसत होती.

"तुम्हाला वाटतं बाबांना गाडी हवी आहे," वृंदा म्हणाली. "मिलमध्ये पाळी बदलताना मशीन कधी बंद नाही करत. जाणारा म्हणतो, चलती दी. येणारा चालत्या मशीनवर हात ठेवून म्हणतो, चलती ली. तो म्हणेपर्यंत जाणारा जागचा हलत नाही. शेवटच्या दिवशी तीनला बाबांची पाळी संपली. गेटला बाहेरून नोटीस लागली होती, पुढचा माणूस आत आलाच नाही. पेटता बॉयलर सोडून जाता येत नाही. बाबा वाफेच्या दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत एकटे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. तेव्हा आईला एवढंच म्हणाले, घ्यायला कुणी आलं नाही."

गाडी मी रस्त्याच्या कडेला घेतली. मला रडू आलं, आणि ते लपवायला जागा नव्हती, कारण त्या गाडीत दोन माणसांचे खांदे एकमेकांना लागलेले असतात.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं. दादांनी प्रसाद दिला, तब्येतीचं विचारलं, गाडीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. बोलून मी पुन्हा काहीतरी बिघडवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच मी आंघोळ करून शेडपाशी उभा होतो. दादा खाकी कपड्यांत बाहेर आले, मला पाहून थबकले. त्यांनी चादर काढली, बाजूने हात घालून आपल्याकडची दुसरी किल्ली फिरवली, हँडल मारलं. इंजिन लागलं. समोरच्या घरातून आवाज आला, "सात बज गए!" मी पुढे झालो आणि थरथरत्या बॉनेटवर उजवा हात ठेवला. पत्रा गार होता, आतून कोमट होत चालला होता.

दादा माझ्या हाताकडे पाहत राहिले.

"चलती दी," ते म्हणाले.

"चलती ली, दादा."

त्यांनी हातातलं हँडल माझ्या हातात दिलं. मग दोन पावलं मागे सरकले, खिशातली चिंधी काढून तोंड पुसलं आणि ओटल्यावर जाऊन बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. गाडी गेल्यावर या माणसाचं काय करू, हा त्यांचा प्रश्न मला आठवत होता.

भाऊबीज आटोपून आम्ही सकाळी निघालो. वृंदाच्या मांडीवर चिवड्याचा डबा, पायाशी शेवेची पिशवी, गाडीच्या नाकावर हळदकुंकू. सगळी गल्ली गोळा झाली होती. दादा खिडकीशी वाकून म्हणाले, "चढावर गरम होईल. झाकण घाईने नका खोलू. ती थांबली की तुम्हीही थांबा." मानपूरच्या घाटाआधीच्या चढावर ती खरोखर गरम झाली. आम्ही सागाच्या सावलीत बसून चिवडा खाल्ला आणि तिची वाट पाहिली. खलघाटच्या पुलावर एका हाताने नमस्कार केला. दिवेलागणीला नाशिक गाठलं.

आठ दिवसांनी सासूबाईंचं पत्र आलं. खुशाली, हवापाणी, कुणाचं लग्न ठरलं ते, आणि खाली घाईत लिहिलेल्या चार ओळी. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सातला उठलेच नाहीत. मी घाबरले, नाकाशी हात धरून पाहिला. तर घोरत होते. मिल बंद झाल्यापासून असे झोपले नव्हते. साडेआठला उठले आणि म्हणाले, चहा दे, पाळी सुटली. गल्लीतल्या सगळ्या पोरांची शाळा मात्र चुकली."

पत्र मी दोनदा वाचलं. गाडी घेऊन मी त्या माणसाचा आधार काढून आणतो आहे, असं मला घाटभर वाटत आलं होतं. घेणारा कुणी नाही म्हणून एखादा माणूस दीड वर्ष उभाच असू शकतो, हे इतका प्रवास केल्याशिवाय मला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, चादर काढली आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. वरच्या मजल्यावरचे जोशी खिडकीतून डोकावले.

"मास्तर, हे काय? वाजले किती?"

"सात," मी म्हणालो.